पूजेतला लॅपटॉप

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला लताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कशाने गेली हे घरातल्या दोन्ही पुरुषांना कळलंच नाही. आता याच्याइतकी संतापाची गोष्ट दुसरी कोणती? जाणूनबुजून वाकडं वागणाऱ्याशी भांडता तरी येतं. आपलं काही चुकतंय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे डोकं कुठे आपटायचं?

मधल्या खोलीत लाल कापड अंथरलं होतं. त्यावर केळीचे घड कापायचे चार कोयते, दोन विळे, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची किल्ली, मोटारसायकलची किल्ली, आणि या सगळ्यांच्या मधोमध झेंडूची माळ घातलेला नवीनचा लॅपटॉप. मिटलेला. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर चार अक्षता. लताबाईंचे यजमान बन्सीलाल यांनी पहाटे आंघोळ करून ही पूजा मांडली होती. त्यांच्या घराण्याचा नेम असा, की खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, वापरायचं नाही. गावातले बाकीचे लोक नारळ फोडतात आणि तासाभरात ट्रॅक्टर बाहेर काढतात. बन्सीलालांचं तसं नाही. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

असेना का रेघ! पण बारा वाजता मयुरीची मुलाखत होती, त्याचं काय?

मयुरी म्हणजे लताबाईंची सून, नवीनची बायको. जामनेरची पोर, जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. लग्न होऊन रावेरजवळच्या या गावात आली त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं भाकऱ्या थापून, केळी कापणाऱ्या टोळीला चहा करून झाल्यावर दुपारच्या वेळात ती आपल्या पातळशा लॅपटॉपवर काहीबाही शिकत बसायची. तिने सिंगापूरच्या एका कंपनीत अर्ज केला होता. काम घरी बसूनच करायचं. तीन फेऱ्या झाल्या, तिन्हींत पोरगी पास. आज शेवटची फेरी, खुद्द कंपनीच्या मोठ्या बाईंबरोबर. सिंगापूरच्या बाईला कसली आलीये खंडेनवमी! तिने दिलेली वेळ ती वेळ. मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, वेळेवर हजर नसाल तर पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल.

आतापर्यंतच्या फेऱ्या मोबाइलच्या नेटवर झाल्या होत्या. आज दहा वाजता मोबाइलच्या रेघा गेल्या त्या गेल्याच. रावेरच्या रस्त्यावर जेसीबीने खोदताना टॉवरची केबल तोडली, अशी बातमी दुधवाल्याने आणली. सणाचा दिवस, दुरुस्तीला माणूस उद्यापर्यंत काही येत नाही. रावेरला जावं, तर तिथलं नेट-सेंटर बंद, त्यांच्याही मशीनी आज पूजेत.

राहिली घरातली तार. ती दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या बाजूने आलेली, म्हणून शाबूत. नवीन केळीचा व्यापार बघतो. कुठला ट्रक कुठवर पोचला, कुठल्या गावाला माल हवा, हे सगळं त्याला नेटवर बघावं लागतं, म्हणून घरात तारेचं नेट घेतलेलं. वायफायचा डबा मागच्या आठवड्यात वीज कडाडली तेव्हा जळाला. नवा डबा जळगावहून दसऱ्यानंतर येणार होता, तोवर नवीनने तार थेट आपल्या जुन्या, जाडजूड लॅपटॉपला खुपसली होती. मयुरीच्या नव्या लॅपटॉपला तार खुपसायला भोकच नाही.

"आई, एक करता येईल," मयुरीने सासूला सांगितलं होतं. "ह्यांच्या लॅपटॉपला तार लावायची आणि त्याच्यातलं नेट वायफायने माझ्या लॅपटॉपला द्यायचं. त्याच्यात सोय असते तशी. एका विहिरीवरून पाट काढून शेजारच्या शेताला पाणी देतो ना, तसंच. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम! पण विहीर माळ घालून मिटून बसली होती.

लताबाई आधी लेकाकडे गेल्या. नवीन अंगणात मोटारसायकलला झेंडूची माळ बांधत होता.

"नवीन, लॅपटॉप उघड आणि तिला नेट दे."

"आई, तो पूजेत आहे ना."

"दिसतंय मला. उघड."

"आबांना विचार एकदा."

"तुझ्या बायकोची मुलाखत, तुझा लॅपटॉप. मी विचारू?"

नवीनने मान खाली घातली आणि माळेची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधायला घेतली. हा मुलगा पावणेसहा फूट वाढला, पण बापाचा विषय निघाला की त्याची उंची कुठे जाते देव जाणे! बाहेर चार व्यापाऱ्यांना ऐकत नाही, घरात मात्र मूग गिळून बसतो. लताबाईंना वाटलं, ती माळ त्याच्याच गळ्यात घालावी आणि त्यालाही नेऊन ठेवावा त्या लाल कापडावर. तसाही उद्यापर्यंत तो हलणार नव्हताच.

बन्सीलाल ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. दुपारी दीड वाजता पंगत होती. केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम लोटन, त्याची वीस-बावीस माणसं, शिवाय भाऊबंद. दर खंडेनवमीला या घरी खापरावरची पुरणपोळी, हे पंचक्रोशीला माहीत होतं. मागच्या अंगणात चूल पेटली होती आणि शेजारची बेबाबाई पुरण घोटत होती. पण पोळी करणार लताबाईच. उलट्या मातीच्या खापरावर हातभर रुंद पोळी दोन्ही हातांवर खेळवून टाकायची, हे काम करणाऱ्या बाया आता गावात तीनच उरल्या होत्या आणि त्यातली एक अंथरुणाला खिळलेली.

"अहो, मयुरीची मुलाखत आहे बाराला," लताबाई म्हणाल्या. आवाज अजून ताब्यात होता. "नवीनचा लॅपटॉप तासभर लागेल."

"उद्या संध्याकाळी घ्या."

"मुलाखत आज आहे."

"मग मी काय करू? कुंकू लागलं त्याले. हत्यार हाये ते. नवीनचं पोट हाये त्याच्यावर."

"आणि तिचं?"

"तिचं काय?"

"तिचा पण लॅपटॉप आहे घरात. तो का नाही ठेवला पूजेत?"

बन्सीलाल हसले. खरोखर हसले हो! "ते काय हत्यार हाये का? दुपारच्याले बसते पोरगी टाइमपास करत. ठेवायचा असीन तर ठेवा, मी कुठी नही म्हणतो."

लताबाईंनी पाठ फिरवली, कारण आणखी एक क्षण उभ्या राहिल्या असत्या तर हातातली उलथणी ओसरीवर भिरकावली असती. टाइमपास! तीन फेऱ्या पास झालेली पोर टाइमपास करते, आणि ट्रक कुठे पोचला ते बघत लॅपटॉपवर क्रिकेट लावून बसणारा लेक पोट भरतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि ज्यांच्यावर चूल चालते ती हत्यारं? विळी, उलथणी, खापर, पाटा-वरवंटा? त्यांनाही कुंकू लागायचं दर वर्षी. लागायचं आणि पुढच्या घटकेला चुलीवर चढायचं. खंडेनवमीला पुरुषांच्या हत्यारांना सुट्टी, आणि बायकांच्या हत्यारांना वर्षात नसेल एवढं काम! हा नेम कोणत्या देवाने घातला, ते एकदा त्या देवालाच विचारायला हवं.

मयुरी आतल्या खोलीत इस्त्रीचा कुडता घालून बसली होती. समोर लॅपटॉप उघडा, त्यावर 'इंटरनेट नाही' अशी पाटी. ती रडत नव्हती. लताबाईंना रडली असती तर बरं वाटलं असतं. पोरगी नुसती नखाने टेबलाचा रंग खरवडत होती.

"जाऊ द्या आई," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

आणि हे 'पुढच्या वेळी' ऐकलं मात्र, लताबाईंचं डोकं पुरतं फिरलं. कारण हे शब्द त्यांनी स्वतः म्हटले होते, याच खोलीत, तीस वर्षांपूर्वी.

तेव्हा लताबाई नव्या नवरी. माहेरी असताना डी.एड. झालेल्या, शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केलेला. लग्नानंतर चौथ्या महिन्यात सरकारी लिफाफा आला. बन्सीलाल म्हणाले, शुभ कागद आहे, असा कसाही फोडायचा नाही. देवापुढे ठेवू, आखाजीला पूजा करून उघडू. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ-दहा दिवसांवर होती. लताबाईंनी मान डोलावली. पहिलीच आखाजी, त्या माहेरी गेल्या, झोक्यावर बसल्या, गाणी म्हटली. परत आल्यावर लिफाफा उघडला. आखाजीच्या दोन दिवस आधीपर्यंत रुजू व्हा, असं त्यात लिहिलं होतं. त्या जळगावच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथला माणूस म्हणाला, बाई, तारीख गेली, यादी पुढे सरकली. घरी आल्यावर बन्सीलाल कपाळाला हात लावून बसले. आपण अडाणी, देवभोळे, आपल्याला काय कळतं, असं दहादा म्हणाले. लताबाईंनीच त्यांची समजूत घातली. "जाऊ द्या. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ आली नाही. नवीन झाला, केळी वाढली, टोळी वाढली, चूल वाढली. आणि लताबाईंनी स्वतःला सांगून ठेवलं, की माणूस वाईट नाही, भोळा आहे. भोळ्या माणसावर किती राग धरायचा?

त्या तशाच पुन्हा ओसरीवर आल्या. त्यांच्या मागे मयुरी आली, आणि आवाज ऐकून नवीनही अंगणातून वर चढला. आता लताबाईंचा आवाज ताब्यात नव्हता. रागावल्या की त्यांची पुस्तकी मराठी सुटायची आणि माहेरची बोली तोंडात यायची.

"एक कागद तुम्ही देवापुढे ठेवला अन् माह्यं नशीब कुलपात घातलं. तेव्हा मी काही बोलली नही. म्हटलं, माणूस अडाणी हाये, देवभोळा हाये, त्याले तारीख काय समजते! आता हिचंही तेच करू राह्यले?"

टोळीतली दोन माणसं लवकर येऊन अंगणात बसली होती. त्यांच्यादेखत बायको आपल्याला अडाणी म्हणते, हे बन्सीलालांच्या नाकाला मिरची लागल्यासारखं झोंबलं. अडकित्ता खाली आपटून ते उठले.

"अडाणी कोनाले म्हणते वं? सातवी शिकेल हाये मी! वाचता येते मले! वाचेल होता तो कागद, आल्या दिवशीच वाचेल होता, वाफेवर उघडून! तारीख माहीत होती मले! तू गेली असती नोकरीवर तर हे घर कोनी सांभाळलं असतं? बरंच केलं मी!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. बोलून झालं आणि मग बन्सीलालांना कळलं, आपण काय बोललो ते. पण तोंडातून गेलेला शब्द आणि झाडावरून तुटलेला घड, परत कुठे चिकटतो?

नवीन आईकडे बघत होता. आपल्या आईला कधी नोकरी लागली होती, हे त्याला अठ्ठावीस वर्षांत आज पहिल्यांदा कळत होतं.

लताबाई किंचाळल्या नाहीत. तीस वर्षं ज्या माणसाला भोळा म्हणून माफ केलं, त्याच्याकडे त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. मग त्या मागच्या अंगणात गेल्या.

बेबाबाई म्हणाली, "लताअक्का, खापर ठेवू का चुलीवर? पावणेबारा होतील आता."

"ठेवू नको. दे इकडे."

काळंकुळीत खापर दोन्ही हातांत धरून लताबाई घरातून चालत आल्या. मधल्या खोलीत गेल्या. पायाने दोन कोयते बाजूला सारले. पायानेच सारले, हे बन्सीलालांनीही पाहिलं. आणि लॅपटॉपच्या शेजारी, लाल कापडावर, खापर पालथं ठेवलं. स्वयंपाकघरातून विळी आणि उलथणी आणून शेजारी ठेवली. करंड्यातलं कुंकू चिमटीत घेऊन तिन्हींना लावलं आणि वर अक्षता टाकल्या.

"हे माह्यं हत्यार," त्या म्हणाल्या. "कुंकू लागलं. आता उद्या संध्याकाळी."

बन्सीलाल दारातच थांबले. "अवं, तीस माणूस येनार हाये जेवायले!"

"येऊ द्या. नेम सांगा त्यांना घराण्याचा."

"लोटन काय म्हणीन? भाऊबंद काय म्हणतीन?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुमचं हत्यार बसलं तर नेम, अन् माह्यं बसलं तर नखरा? इतकी वर्षं कुंकू लावून पाच मिनिटांत चुलीवर चढवलं मी याले. तेव्हा नही कोनी म्हटलं, का नवीनची माय, तुह्या खापराले पण आज आराम दे."

बेबाबाई पुरणाचे हात घेऊन तशीच दारात आली होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाप्पा बाप्पा! खरं हाये पण." आणि अंगणातली ती दोन माणसं, जी इतका वेळ जमिनीकडे बघत होती, त्यांतला एकजण हळूच हसला. बन्सीलालांनी ते ऐकलं. तीस माणसं पानावर बसवायची आणि पोळी नाही, ही गोष्ट गावात किती वर्षं चघळली जाईल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"काय पाहिजे तुले?" ते शेवटी म्हणाले.

"मले काय पाहिजे होतं ते तीस वर्षांमागं गेलं. आता हा उघडायचा. आत्ता."

बन्सीलालांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "जागेवरून हलवायचा नही," ते पुटपुटले. हरलेल्या माणसाला निदान एवढं तरी म्हणावंच लागतं.

बाराला वीस मिनिटं कमी होती. मयुरी पुढे झाली, तशी लताबाईंनी तिला हाताने अडवलं.

"तू नको लावू हात. उद्या केळीवर करपा आला, ट्रॅक्टर उलटला, कोणाला साधा ताप आला, तरी बोट तुझ्याकडे जाईल. सुनेने पूजा मोडली म्हणतील. मी उघडते. माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत आहे ते मी बघून घेईन. तू नुसतं सांग काय करायचं ते."

माळ न काढता त्यांनी झाकण उघडलं. अक्षता बटणांच्या फटींत घरंगळल्या. आणि गंमत बघा, इतका वेळ जमिनीत पुरल्यासारखा उभा असलेला नवीन आता कोणी न सांगता पळाला. आपल्या खोलीतून तार ओढत आणली, चार्जरही आणला, आणि पूजेपुढे गुडघ्यावर बसून तार लॅपटॉपच्या कुशीत खुपसली.

"आई, खाली ती पट्टी आहे ना, तिथे सेटिंग," मयुरी दारातून सांगू लागली. "आता नेटवर्क. आता मोबाइल हॉटस्पॉट लिहिलंय तिथे दाबा. नेट कुठून घ्यायचं विचारतोय का? तारेचं, इथरनेट लिहिलंय ते. आणि द्यायचं कशावरून? वायफाय. आता वरचं बटण चालू करा."

लताबाईंच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. जिथे जिथे त्यांनी बोट ठेवलं, तिथे तिथे लाल ठिपका उमटला. बटण निळं झालं. खाली एक नाव आलं आणि एक पासवर्ड.

"पासवर्ड वाचा आई, मी इकडे टाकते."

लताबाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागल्या. एक एक अक्षर सुटं करून, मोठ्याने, मध्ये थांबत, मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जावं तसं. "सात. यू, लहान. चार. झेड, मोठा. लिहिलंस? पुढे." हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं, पण ते वापरायची वेळच कोणी येऊ दिली नव्हती.

"जोडलं!" मयुरी आतून ओरडली. मग लगेच, "नेट नाही येत पण."

"नवीन!"

"आई, तारेची खिटी तुटलीये. निसटते."

"मग धरून बस! हलला तर बघ!"

नवीनने तार दाबून धरली. आतून मयुरीचा आवाज आला, "आलं, आई, आलं!" बाराला चार मिनिटं होती. तिने धावत येऊन एवढंच सांगितलं, की आता कुठल्याही सेटिंगला हात लावू नका, नुसतं दर दोन मिनिटांनी एक बटण दाबत राहा, नाहीतर हा लॅपटॉप झोपतो आणि तो झोपला की माझं नेट गेलं. आणि दार लावून घेतलं.

लताबाईंनी पूजेतलं खापर उचललं.

"या इकडे," त्या बन्सीलालांना म्हणाल्या. "पोळ्या पाहिजेत ना? मग बसा इथे. हे लांब बटण. दोन मिनिटं झाली की दाबायचं. तारीख वाचता येते तुम्हाला, तसं घड्याळही येत असेल."

बन्सीलाल बसले. करतात काय! कोयत्यांच्या रांगेपुढे मांडी घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, दर दोन मिनिटांनी एका बोटाने बटण दाबत बसले. शेजारी लेक तार धरून. मागच्या अंगणात लताबाईंनी खापर चुलीवर चढवलं आणि पहिली पोळी हातांवर घेतली. पोळी अशी काही ताणली, की बेबाबाई म्हणाली, "अक्का, हळू, फाटीन." ती फाटली नाही. रागात हात बिघडतो म्हणतात. लताबाईंचा हात त्या दिवशी एकदाही बिघडला नाही.

साडेबाराला लोटन मुकादम आला, चपला काढून हत्यारांच्या पाया पडायला मधल्या खोलीत गेला आणि चकित झाला. "आबा, हे काय करू राह्यले?" त्याने लॅपटॉपकडे हात केला.

"हात नको लावू त्याले!" बन्सीलाल खेकसले. "सून कामावर हाये."

हे बाहेर चुलीपर्यंत ऐकू आलं. बेबाबाईने लताबाईंकडे बघून भुवया उंचावल्या. ऐकून त्यांना बरं वाटलं असेल, असं कोणीही म्हणेल. नाही वाटलं. सुनेसाठी आज दोन तासांत जे सुचलं, ते बायकोसाठी तीस वर्षांत का सुचलं नाही? लताबाईंनी पोळी उलटली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

सव्वाला दार उघडून मयुरी आली, ती थेट चुलीपाशी. तिने सासूच्या पिठाच्या हातांसकट तिला मिठी मारली. बाई खूप काही विचारत होत्या, सगळं आलं, एकदाही तुटलं नाही. संध्याकाळी कळवतो म्हणाल्या. लताबाई म्हणाल्या, "बरं. आता ताटं घे."

पंगत झाली. लोकांनी पोळ्यांची तारीफ केली. बन्सीलालांच्या पानात लताबाईंनी पोळी वाढली, तूप वाढलं, आणि पुढच्या पानाकडे वळल्या. दिवस कलल्यावर सगळे गेले. त्या तुळशीपाशी दिवा लावत असताना बन्सीलाल जवळ येऊन उभे राहिले.

"नवीनची माय, झालं ना आता? मिटव."

"काय झालं?" लताबाईंनी मान वर न करता विचारलं. "तिचं झालं. माझं काय झालं? मी तुम्हाला माफ केलं होतं, ते अडाणी म्हणून. ती माफी आज मी परत घेतली. आता नव्याने मागायची असेल तर मागा, मी देईनच असं नाही."

बन्सीलाल ओसरीवर जाऊन बसले, अडकित्ता हातात घेतला, पण सुपारी कातरली नाही.

तेवढ्यात मयुरी आतून आपला लॅपटॉप उघडा धरून आली. तार पुन्हा नवीनच्या हातात होती, तो मधल्या खोलीतूनच ओरडत होता, "आलं का? आलं का?" पडद्यावर सिंगापूरहून आलेलं पत्र होतं, न उघडलेलं. मयुरीने तो लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर सासूपुढे ठेवला.

"आई, तुम्ही उघडा."

लताबाईंनी पदराला हात पुसले. दिव्याची काडी विझवली. बोट ठेवलं आणि पत्र उघडलं. इंग्रजी पत्र होतं, लांबलचक. वर अभिनंदन लिहिलेलं त्यांना कळलं, पण त्या तिथे थांबल्या नाहीत.

"रुजू व्हायची तारीख कुठे आहे? ती दाखव आधी."

मयुरीने ओळीवर बोट ठेवलं. लताबाईंनी तारीख वाचली, महिना वाचला, वर्ष वाचलं. मग ओसरीकडे तोंड करून तीच तारीख पुन्हा एकदा, मोठ्याने वाचली.